जत्रेतल्या पोलिसाने पाहायचे काय?

१८१६ च्या ऑगस्टमध्ये व्होल्गाकाठची मकार्येवची जत्रा जळून गेली. मठाच्या भिंतींना लागून भरणारी, पावणेदोनशे वर्षे चाललेली पेठ होती ती. झार पहिला अलेक्झांडर याने ती पुन्हा त्या जागी उभारू दिली नाही. नदीच्या वरच्या अंगाला, ओका जिथे व्होल्गेला मिळते त्या निझ्नी नोव्हगोरोदला १८१७ पासून जत्रा भरू लागली. हिवाळी राजवाड्याच्या कामासाठी ठेवलेला पैसा झारने नव्या पेठेकडे वळवला आणि बांधकाम सोपवले आगुस्तिन बेतांकुर या स्पॅनिश अभियंत्याकडे. संगमावरची ती जमीन सखल, दर वसंतात पुराखाली जाणारी. बेतांकुरने तिच्यावर भराव घातला, साठ इमारतींत अडीच हजारांवर गाळे बांधले आणि भोवताली नालेच्या आकाराचा कालवा खोदला. आग लागली तर पाणी हाताशी हवे, हा त्यातला हेतू. जमिनीखाली त्याने दगडी भुयारी गटारे घातली, आणि ती पाणी सोडून धुतली जात. १८२२ साली हे सारे उभे राहिले, तेव्हा लंडन-पॅरिसच्या कितीतरी वस्त्यांना असल्या गटारांचे स्वप्नही पडले नव्हते.

पोलीस देखरेखीबद्दल बोलायचे तर गटारांपासून सुरुवात का, असे कोणी विचारील. बंदोबस्त म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दंडुका, शिट्टी आणि दोरखंड येतो. झारशाहीने निझ्नीच्या जत्रेवर शंभर वर्षे पहारा ठेवला. त्यातला जो भाग जागेवरचा होता, म्हणजे आग, पाणी, घाण, वाट आणि हुंडीची मुदत यांवरचा, तो टिकला आणि लोकांनीही तो मानला. जो भाग माणसांवरचा होता, म्हणजे कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, कागद कुठे आहेत, बोललास काय, हा सगळा, त्याने लाच वाढवली, भीती वाढवली आणि खऱ्या संकटात तो कामी आला नाही. आज आपण मोठ्या यात्रांचा बंदोबस्त आखताना नेमका दुसराच भाग उचलत आहोत, म्हणून ही जुनी गोष्ट काढतो आहे.

जत्रा किती मोठी होती ते आधी पाहू. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १५ जुलैला ध्वज चढे आणि २५ ऑगस्टला उतरे. त्या सहा आठवड्यांत कायाख्ताहून आलेला चिनी चहा, उरलचे लोखंड, सायबेरियाची कातडी, बुखाऱ्याचा कापूस, इराणचा सुका मेवा आणि मॉस्कोचे कापड हे सारे एका ठिकाणी येई. चहाचा भाव फुटेपर्यंत बाकीच्या बाजाराला जोर चढत नसे. १८८१ साली इथली उलाढाल २४ कोटी रुबलच्या पुढे गेली होती. मूळ शहराची लोकसंख्या १८९७ च्या जनगणनेतसुद्धा ९० हजारांच्या आसपास, आणि जत्रेत येणारे लोक दोन लाखांच्या घरात. वर्षभराच्या उधारीच्या हुंड्या इथेच वटत. एखादा बडा व्यापारी निझ्नीत हुंडी पटवू शकला नाही, तर त्याचे नाव थेट सायबेरियापर्यंत खराब होई.

एवढ्या गर्दीत एक ठिणगी पुरेशी होती. म्हणून जत्रेच्या रस्त्यांवर चिरूट किंवा चिलीम ओढायला बंदी होती. घोड्यावरचे कोसॅक गस्त घालत आणि सापडला त्याला दंड करत. तलफ अनावर झालेले लोक भुयारी गटारांच्या मार्गात उतरून ओढत असत, असे तिथे गेलेल्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. मला हा तपशील फार आवडतो. इथे बंदीही आहे आणि बंदीतून सुटायला सुरक्षित जागाही आहे. शिवाय नियम सर्वांना एकच. लक्षाधीश व्यापारी असो की बोटीवरून पोती उतरवणारा तातार हमाल, पेटती चिलीम दिसली की दंड. कोण ओढतो आहे, हे पाहायची कोसॅकला गरजच नव्हती. दारूगोळ्यापेक्षा जपून ठेवायचा माल जिथे गाळ्यागाळ्यात भरला आहे, तिथे असला पहारा व्यापाऱ्याला स्वतःलाच हवा असतो. त्या बाबतीत कोणी कुरकुर केलीच असेल, तर ती तलफेपुरती.

आता दुसरी बाजू. झारचे राज्य दिसायला पोलिसी राज्य, पण प्रत्यक्षात त्याच्याकडे पोलीस फारच थोडे होते. १९०० च्या सुमारास सुमारे नऊ कोटी ग्रामीण प्रजेसाठी ग्रामीण पोलीस अधिकारी होते १,५८२ आणि त्यांच्या हाताखालचे हवालदार ६,८७४. म्हणजे सरकारला आपले खेडे दिसतच नव्हते. जत्रेत मात्र साऱ्या साम्राज्यातले लोक सहा आठवडे एका मुठीत येत. तिथे त्यांचे बोलणे ऐकता येई, कागद तपासता येत, नको तो माणूस परत धाडता येई. १८२६ साली पहिल्या निकोलसने राजकीय पोलिसांचे ‘तिसरे खाते’ उभे केले, त्याच्या निळ्या गणवेशातल्या जांदार्मांना अशा जागेचे महत्त्व कोणी शिकवायला नको होते. जत्रा हे सरकारचे कान झाले.

मग या कानांना काय काय ऐकायचे होते? १ जुलै १८३९ रोजी सरकारने जाहीर केले की यापुढे चांदीचा रुबल हेच मुख्य चलन, आणि एका चांदीच्या रुबलला साडेतीन कागदी रुबल हाच कायमचा भाव. तोवर प्रत्येक शहराचा आणि प्रत्येक धंद्याचा कागदी नोटांवरचा बट्टा वेगळा होता, आणि सगळा हिशेब त्या बट्ट्यावर चाले. जत्रेचा ध्वज चढायला दोन आठवडे उरले असताना सारा बाजार जे वर्षानुवर्षे करत आला होता ते बेकायदा ठरले. सुधारणा चांगली होती, पुढे ती टिकलीही. पण मुहूर्त पाहा! व्यापाऱ्यांशी सल्लामसलत करण्याऐवजी त्यांच्यावर नजर ठेवणे सरकारला सोपे वाटले, एवढे त्यातून कळते.

माणसांवरच्या पहाऱ्याचा खरा भार पडे तो गरिबावर आणि परक्यावर. रशियन शेतकऱ्याला गावाबाहेर कामाला जायचे तर पासपोर्ट लागे. जत्रेत हमाली, नावाडीपणा किंवा सुतारकी करायला आलेल्या हजारो लोकांचा पासपोर्ट म्हणजेच त्यांचे अस्तित्व. मुदत संपली, कागद भिजला, मालकाने स्वतःकडे ठेवून घेतला, की तो माणूस पोलिसाच्या मर्जीवर. ज्यूंची गोष्ट आणखी अवघड. साम्राज्याच्या पश्चिम पट्ट्याबाहेर राहायची त्यांना मनाई होती, पण १८३५ च्या कायद्याने वरच्या श्रेणीच्या ज्यू व्यापाऱ्यांना काही ठरावीक जत्रांना येण्याची सवलत दिली होती. सरकारला त्यांचा माल आणि भांडवल हवे होते, ते स्वतः नको होते. जत्रा संपली की त्यांचा तिथे उभे राहण्याचा हक्कही संपला. ओकापलीकडच्या कुनाविनो वस्तीत दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने होते. तिथल्या बायकांना १८४० च्या दशकापासून पोलिसांच्या नोंदवहीत नाव घालून पिवळे कार्ड बाळगावे लागे, वैद्यकीय तपासणीला जावे लागे. गिऱ्हाइकाची तपासणी अर्थातच नव्हती.

जिथे माणसाचे राहणे एका शिक्क्यावर अवलंबून, तिथे शिक्का मारणाऱ्याचा हात ओला होणारच. कमी पगाराचा रशियन पोलीस आणि त्याची चिरीमिरी हा त्या काळी उघड व्यवहार होता. चिलमीच्या दंडातही पैसे खाता येत असतील, पण धूर दिसतो, तो चारचौघांत असतो, म्हणून तिथे खाण्याला मर्यादा पडते. कागद तपासणे चौकीच्या आडोशाला होते, आणि तिथला भाव चौकीच ठरवते.

आणि एवढे करून त्या पहाऱ्याला दिसत काय होते? ७ जून १८८४ रोजी, जत्रा उघडायला महिनाभर असताना, कुनाविनोत अफवा उठली की ज्यूंनी एक ख्रिस्ती मुलगी पळवली. जमावाने ज्यूंची घरे फोडली आणि माणसे ठार केली. प्रत्येक ज्यूची परवानगी, पत्ता, मुदत हे सगळे पोलिसांच्या वहीत होते. कोण कुठे राहतो हे माहीत असणाऱ्या यंत्रणेला ते कोणापासून वाचवायचे आहेत हे माहीत नव्हते. ज्याच्या असण्यावरच सरकार रोज संशय घेते, त्याला मारले तरी चालते, असे जमावाला वाटले तर त्यात नवल कसले? त्या पहाऱ्याचा माझ्या मते हाच सर्वांत मोठा दोष. तो गावाला शिकवतो की अमुक माणूस धोक्याचा आहे, आणि मग गाव आपल्या पद्धतीने तो धडा गिरवते.

या टप्प्यावर निझ्नीचा इतिहास जाणणारा कोणीही बारानोवचे नाव काढील. माझ्या मांडणीला खरा अडसर तोच आहे, आणि त्याला बगल देणे बरे नाही.

निकोलाय बारानोव १८८२ ते १८९७ निझ्नीचा गव्हर्नर होता. मूळचा आरमारी अधिकारी. १८७७ च्या तुर्की युद्धात ‘वेस्ता’ या जहाजावरच्या लढाईने त्याला वीर केले. (त्याच जहाजावरच्या रोझेस्तवेन्स्की नावाच्या अधिकाऱ्याने पुढे वर्तमानपत्रात लिहिले की ती लढाई सांगितली जाते तशी झालीच नाही. हाच रोझेस्तवेन्स्की १९०५ मध्ये त्सुशिमाला रशियाचे आरमार बुडवून बसला, तो भाग वेगळा.) १८८१ च्या मार्चमध्ये दुसऱ्या अलेक्झांडरचा खून झाल्यावर काही महिने बारानोवच्या हातात राजधानीचा बंदोबस्त होता. शहराच्या वेशीवर त्याने नाके बसवले, नागरिकांचे पंचवीस जणांचे सल्लागार मंडळ नेमले आणि लोकांच्या थट्टेचा विषय झाला. निझ्नीत जत्रेच्या काळात त्याला खास अधिकार असत. हुकूम काढावा, दंड करावा, हद्दपार करावे, आणि वर विचारणारे कोणी नाही. व्यापाऱ्यांची निवडून दिलेली समिती होती, १८९० च्या दशकात साव्वा मोरोझोवसारखा गिरणीमालक तिचा अध्यक्ष होता, पण बंदोबस्तात शेवटचा शब्द गव्हर्नरचाच.

१८९२ च्या उन्हाळ्यात व्होल्गावर पटकी आली. आस्त्राखानमध्ये दंगल झाली, सारातोवमध्ये झाली, ख्वालिन्स्कमध्ये जमावाने डॉक्टरला ठार मारले. डॉक्टर जिवंत माणसांना पुरतात, विष घालतात, अशा अफवा बोटींबरोबर नदीच्या वरच्या अंगाला चढत होत्या. पुढचे मोठे बंदर निझ्नी, आणि जत्रा तोंडावर. बारानोवने जत्रा बंद केली नाही. नदीत सपाट मालनौका उभ्या करून त्यांवर तरंगती रुग्णालये केली, गव्हर्नरचा वाडा आजाऱ्यांना दिला. अफवा पसरवणाऱ्या एकाला त्याने तुरुंगात न टाकता तरंगत्या रुग्णालयात शुश्रूषेच्या कामाला धाडले, की बाबा, स्वतःच बघ तिथे काय चालते. दंगल करणाऱ्याला फाशी देईन अशी धमकीही दिली. निझ्नीत दंगल झाली नाही.

म्हणून बारानोवचे चाहते म्हणतात, पाहा, खंबीर माणसाच्या हातात मोकळा अधिकार दिला की काम होते. आपल्याकडेही दर मोठ्या यात्रेनंतर एखाद्या ‘धडाकेबाज’ अधिकाऱ्याबद्दल हेच ऐकू येते. पण त्या उन्हाळ्यात काम कशाने झाले ते वेगळे काढून पाहा. खाटा, नौका, वाडा, डॉक्टर आणि उघडी दारे, हे सारे जागेचे काम होते. अफवाखोराला रुग्णालयात धाडण्याची युक्ती चालली, कारण रुग्णालय खरोखरच दाखवण्याजोगे होते. तिथे माणसे कुजत पडली असती तर तोच माणूस परत येऊन दुप्पट अफवा पसरवता. आणि ज्या मोकळ्या अधिकाराचे एवढे कौतुक, तो १८८४ मध्येही त्याच माणसाच्या हातात होता. तेव्हा जमाव उठला. अधिकार तोच, माणूस तोच, मग फरक कुठे पडला? मला वाटते, सरकारने त्या आठ वर्षांनंतर पहिल्यांदा लोकांवर पहारा ठेवण्याआधी त्यांच्यासाठी काहीतरी उभे केले.

त्याच वर्षीची दुसरी जत्रा ठेवून पाहिली की हे अधिक स्पष्ट होते, आणि ती जत्रा आपल्या देशातली आहे. मार्च १८९२ मध्ये हरिद्वारला महावारुणीचा मेळा होता. पटकीची लागण होताच वायव्य प्रांताच्या सरकारने मेळा मोडला. पोलिसांनी जमलेल्या यात्रेकरूंना परत हाकलले. धर्मात हात घातला म्हणून देशी वर्तमानपत्रांनी ओरड केली, आणि धर्म बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: रोग अंगात घेतलेली माणसे दाही दिशांना पांगवून रोग थांबतो का? त्या काळच्या वैद्यकीय अहवालांनी त्या साथीचा माग असा लावला होता: पंजाब, अफगाणिस्तान, इराण, बाकू, आस्त्राखान आणि तिथून व्होल्गा. निझ्नीच्या नौकांवर खाटा टाकायची वेळ आली ती याच साथीमुळे. पुढे त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे मेली. एक साम्राज्य जत्रा मोडून मोकळे झाले, दुसऱ्याला नाइलाजाने ती सांभाळावी लागली. माणसांना हाकलणे हा पोलिसाला सर्वांत सोपा उपाय वाटतो, कारण त्यानंतर जे होते ते त्याच्या हद्दीबाहेर होते.

गंमत अशी की हरिद्वारलाच इंग्रजांना एकदा बरोबर उत्तर सापडले होते. १८२० च्या सुमारास हर की पौडीच्या अरुंद घाटावर चेंगराचेंगरी होऊन ४३० माणसे मेली. त्यांत पहाऱ्यावरचे काही शिपाईही होते. म्हणजे पहारा होता, आणि पहारेकरीच चिरडले गेले. त्यानंतर सरकारने घाट रुंद केला: शंभर फूट रुंदीच्या साठ पायऱ्या. शिपाई वाढवून जे साधले नसते ते दगडाने साधले. मात्र हा धडा टिकला नाही. १८९२ चा मेळा मोडल्यावर पाच वर्षांनी, १८९७ मध्ये, प्लेगसाठी साथरोग कायदा आला आणि पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरात शिरून माणसे तपासली. त्याचे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायची गरज नाही. तो कायदा मात्र २०२० मध्येही आपल्याकडे लागू होताच. स्वातंत्र्यानंतर झालेल्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही जत्रेत साथ पसरू नये म्हणून खास उपाय करण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला आहे. अधिकार असायला हरकत नाही. तो कशावर वापरायचा, गर्दीच्या वाटेवर की गर्दीतल्या माणसावर, एवढाच वाद आहे.

२५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसे मेली. चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी खेटून लागलेली दुकाने आणि त्या दुकानांना लागलेली आग. त्या दिवशी कोणाचे ओळखपत्र तपासले गेले नव्हते म्हणून कोणी मेले नाही. दीडेक वर्ष आधी, २००३ च्या सिंहस्थात नाशिकला ३९ जण गेले, तेही अरुंद रस्त्यात. बेतांकुरने दोनशे वर्षांपूर्वी गाळ्यांभोवती कालवा का खोदला, हे त्या वाटेवर दुकाने लावू देणाऱ्यांना कळले असते तर!

यावर हमखास येणारा आक्षेप असा की आता काळ वेगळा आहे. पाकीटमार आहेत, बॉम्ब ठेवणारे आहेत, हरवलेली मुले शोधायची आहेत, मग चेहऱ्यांवर नजर नको का? पाकीटमार निझ्नीतही होते, मोठ्या संख्येने होते. विशिष्ट माणसाबद्दल विशिष्ट खबर असेल तर त्याला पकडावे, त्याला कोण नाही म्हणतो? पण विशिष्ट माणसाला शोधणे वेगळे आणि सगळ्यांची नोंद करून ठेवणे वेगळे. पहिल्याने पोलिसाचे काम होते, दुसऱ्याने त्याची वही भरते. हरवलेल्या मुलासाठी तर आपल्या यात्रांत ध्वनिक्षेपकावरची हाक अजूनही चांगली चालते, आणि ती हाक कोणाची नोंद ठेवत नाही. बॉम्बचा धोका मी हलका मानत नाही. मात्र इतक्या वर्षांत आपल्या यात्रांत माणसे कशाने मेली त्याचा हिशेब काढला, तर चेंगराचेंगरी, आग आणि पाणी हीच नावे पुन्हा पुन्हा येतात.

२०२५ च्या प्रयागराजच्या कुंभात हजारो कॅमेरे होते, गर्दी मोजणारी संगणकी यंत्रणा होती. २९ जानेवारीच्या पहाटे संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि सरकारी आकड्यानुसारच किमान ३० जण मेले. कॅमेऱ्यांना गर्दी दिसली नसेल असे नाही. दिसलेल्या गर्दीला जायला वाट नव्हती. नाशिकच्या येत्या सिंहस्थाच्या तयारीतही कॅमेऱ्यांची भाषा जोरात आहे. असू दे. पण त्याआधी प्रशासनाने प्रत्येक घाटाच्या आणि रस्त्याच्या रुंदीचे आकडे जाहीर करावेत, एका तासात तिथून किती माणसे सुखरूप जातात ते सांगावे, आणि त्या आकड्याला पोचल्यावर वाट बंद करण्याचा हुकूम कोणता अधिकारी देणार, त्याचे पद छापावे. चेहरे टिपले जाणार असतील तर ती नोंद कोणाकडे राहणार, किती दिवस राहणार आणि शेवटच्या पर्वणीनंतर ती पुसल्याचा दाखला कोण देणार, हेही त्याच कागदावर असावे. हा कागद मेळा भरण्याआधी दुकानदारांच्या, पुरोहितांच्या, रहिवाशांच्या हातात पडला पाहिजे, कारण अरुंद गल्ली कुठे तुंबते हे त्यांना कोणत्याही कॅमेऱ्याआधी ठाऊक असते, आणि त्यांना विचारायला वेगळा अधिकार लागत नाही.